बुधवारच्या दहा मिनिटांत वर्षभराचे दुखणे कसे मोजणार? सिकलसेल आणि दिव्यांग प्रमाणपत्राचा प्रश्न

गेल्या हिवाळ्यात आम्ही विदर्भातील एका जिल्हा रुग्णालयात दिव्यांग बोर्डाच्या रांगेत एका मायलेकासोबत बसलो होतो. मुलगा तेवीस वर्षांचा, सिकलसेलचा एसएस पॅटर्नचा रुग्ण. पहाटेच्या एसटीने दोघे आले होते. दुपारी दीडच्या सुमारास नंबर लागला. मुलगा स्वतःच्या पायाने आत गेला, खुर्चीवर बसला, नाव-गाव नीट सांगितले, सांगितल्याप्रमाणे हात वर केले, गुडघे वाकवून दाखवले.

डॉक्टरांनी विचारले, "आज काही त्रास?"

मुलगा म्हणाला, "आज नाही साहेब. आज बरा आहे."

मागच्या वर्षभरात किती वेळा भरती झालास, किती वेळा रक्त चढवले, कागद दाखव, असे प्रश्न झाले. एक डिस्चार्ज कार्ड होते, तेही दीड वर्षापूर्वीचे. दहा मिनिटांत काम संपले. पुढे हाती आलेल्या प्रमाणपत्रावर आकडा होता ४० च्या खालचा.

त्या बुधवारच्या अकरा दिवस आधी हाच मुलगा तीन रात्री जमिनीवर लोळत होता. दोन्ही मांड्यांत आणि पाठीत दुखणे उठले होते. आई गरम पाण्याच्या पिशव्या बदलत होती. गावातल्या डॉक्टरने इंजेक्शन दिले, सलाईन लावले आणि पैसे घेतले. चिठ्ठी दिली नाही. हे सगळे त्या दहा मिनिटांत कुठेच आले नाही. बाहेर आल्यावर आई एवढेच म्हणाली, "आजच बरा दिसून रायला ना हा, म्हणून झालं."

ही एका बोर्डाची किंवा एका डॉक्टरची तक्रार नाही. त्या डॉक्टरांसमोर त्या दिवशी शेकडो माणसे होती आणि ते कुणाशी उद्धट वागले नाहीत. प्रश्न मोजण्याच्या पद्धतीचा आहे. काही आजार रोज सारखे नसतात. ते येतात, माणसाला पाडतात, जातात आणि पुन्हा येतात. आपली दिव्यांगत्व मोजण्याची पद्धत मात्र माणूस रोज सारखाच असतो असे धरून चालते. याचा फटका आपल्या समाजाला किती बसतो, हे आपण अजून नीट समजून घेतलेले नाही.

हा आपल्या घरातला आजार आहे

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. रक्तातील गोल, लवचिक तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि असह्य वेदना सुरू होतात. यालाच आपल्याकडे 'क्रायसिस' म्हणतात. थंडी, पाणी कमी पिणे, ताप, जास्त श्रम ही नेहमीची निमित्ते. पण कधीकधी काहीच निमित्त नसते. रात्री चांगला झोपलेला माणूस पहाटे किंचाळत उठतो.

आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे एएस पॅटर्नचे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक हा रुग्ण नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. दिव्यांगत्वाचा प्रश्न आहे तो एसएस आणि त्यासारख्या त्रासदायक प्रकारच्या रुग्णांचा.

भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीच्या आदिवासींमधली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मक्रांती होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी विदर्भातील आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर असल्याचे दाखवले आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील आपल्या वस्त्यांत फिरणाऱ्याला यासाठी अभ्यास वाचावा लागत नाही.

हा 'जातीचा आजार' नाही. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून पिढ्यानपिढ्या हे जनुक टिकले. जातीच्या भिंतींमुळे विवाह आतल्या आतच होत राहिले, त्यामुळे ते एकाच समूहात साठत गेले. दोष रक्ताचा नाही, पण परिणाम आपल्या मुलांना भोगावे लागतात.

कायद्याने काय दिले

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात फक्त सात प्रकारचे अपंगत्व होते. सिकलसेल त्यात नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी २१ वर नेली आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्तविकार आले. १९ एप्रिल २०१७ पासून हा कायदा लागू आहे. हे सहज घडले नाही. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून वर्षानुवर्षे हा विषय लावून धरला होता. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि आमच्या अनुभवात बहुतेक घोळ इथेच होतो. पहिली व्याख्या 'दिव्यांग व्यक्ती'ची. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची कमतरता आणि समाजातले अडथळे एकत्र येऊन जिला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती. यात टक्केवारी नाही. दुसरी व्याख्या 'लक्षणीय दिव्यांगत्वा'ची. तिथे किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते.

आरक्षण आणि बहुतेक योजना या ४० च्या दाराआड आहेत. उच्च शिक्षणातील ५ टक्के जागा, घरकुल आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांतील ५ टक्के आरक्षण यांना ४० टक्के लागतात. आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग म्हणून बसायचे तर तेच. २०२५ मध्ये या योजनेत दिव्यांगांचे अनुदान दीड हजारावरून अडीच हजार रुपये महिना करण्याचा निर्णय झाला, त्यामुळे या आकड्याचे मोल आणखी वाढले. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला तर ८० टक्के लागतात आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये.

२०२४ च्या सुधारित नियमांनंतर यूडीआयडी कार्डालाही रंग आले. ४० च्या खाली पांढरे, ४० ते ७९ पिवळे, ८० आणि वर निळे. प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली गेली. आपल्या त्या मुलाच्या हाती पांढरे कार्ड आले. त्याला बी.एड.ला दिव्यांग कोट्यातून अर्ज करायचा होता. तो त्याने केलाच नाही.

मोजणी कुठे चुकते

पाय कापला गेला असेल तर तो सोमवारीही नसतो आणि बुधवारीही नसतो. डोळ्याची दृष्टी मोजायला तक्ता आहे, कानाला यंत्र आहे. टक्केवारीची पद्धत मुळात अशा दिव्यांगत्वासाठी तयार झाली. सिकलसेल तिच्यात नंतर बसवले गेले. यातून निर्माण होणाऱ्या चार अडचणी आम्हाला पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली अडचण दिवसाची. क्रायसिसमध्ये असलेला माणूस बोर्डापुढे येऊच शकत नाही. तो घरी असतो किंवा वॉर्डात असतो. म्हणजे बोर्डापुढे येणारा प्रत्येक सिकलसेलग्रस्त हा त्याच्या बऱ्या दिवसातलाच असतो. वाईट दिवस तपासणीच्या खोलीत कधीच येत नाही. डॉक्टर कितीही सहृदय असले तरी त्यांना जे दिसते ते अर्धेच असते.

दुसरी अडचण कागदाची. वाईट दिवस कागदावर आला तरच मोजला जातो. पण गरिबाचे दुखणे कागदावर येत नाही. आमच्या ओळखीची एक ताई चार घरी धुणीभांडी करते. दर दोन-तीन महिन्यांनी तिला क्रायसिस येतो. ती भरती होत नाही, कारण भरती झाली तर लेकरांना कोण पाहील आणि चार घरची कामे टिकतील का? ती गोळ्या खाऊन, शेजारणीकडून पाय दाबून घेऊन दिवस काढते. कागदाच्या हिशोबाने ती वर्षभर ठणठणीत आहे. ज्याच्याकडे पैसा आहे, घरी माणूस आहे आणि मोठे रुग्णालय जवळ आहे, त्याची फाइल जाड होते. म्हणजे ज्याला आधाराची गरज सर्वात जास्त, त्याचाच आकडा कमी निघतो. बायकांच्या बाबतीत तर हे जवळजवळ ठरलेलेच आहे.

तिसरी अडचण औषधाची. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित घेतले तर अनेक रुग्णांचे क्रायसिस कमी होतात. मुलगी नियमित गोळ्या घेते, थंडीत जपते, पाणी पिते, आई तिला जड कामाला हात लावू देत नाही, म्हणून ती कमी वेळा आजारी पडते. मग बोर्डापुढे दाखवायला भरतीचे कागद नसतात. तिचे बरे राहणे हे घरच्यांच्या कष्टाचे फळ आहे, पण मोजणीत ते आजार नसल्याचा पुरावा ठरते. एका आईने आम्हाला विचारले, "मग काय गोळ्या बंद करू का?" तिला देण्यासारखे चांगले उत्तर आमच्याकडे नव्हते.

चौथी अडचण नियमातच आहे. दिव्यांगत्व काळानुसार बदलण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे द्यावे, बदल संभवत नसेल तर कायमचे द्यावे, असा नियम आहे. म्हणजे बदल ही गोष्ट नियमाला माहीत आहे. पण नियमाच्या डोळ्यासमोर असलेला बदल काही वर्षांत होणारा आहे, आज इतके टक्के आणि तीन वर्षांनी तितके. एकाच महिन्यात वीस दिवस बरे आणि सहा दिवस अंथरुणावर, हा बदल त्याच्या हिशोबात नाही. सिकलसेल जन्मापासून मरेपर्यंत असतो, तरी मुदतीचे प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला तो अजून आहे हे पुन्हा सिद्ध करायला पुन्हा त्याच रांगेत यावे लागते.

हे फक्त सिकलसेलचे नाही. त्याच यादीतील मल्टिपल स्क्लेरोसिस आणि अनेक मानसिक आजार असेच चढउताराचे आहेत. तिथेही 'आज तर नीट बोलतो आहे' हे वाक्य घात करते.

नोकरीचे बंद दार

समजा, ४० टक्के मिळाले. पुढे काय? शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षण कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे. त्यात दृष्टिदोष, श्रवणदोष, चलनविषयक दिव्यांगत्व, त्यानंतर स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता व मानसिक आजार आणि शेवटी या सर्वांपैकी एकापेक्षा जास्त असलेले दिव्यांगत्व, असे गट आहेत. चलनविषयक गटात कुष्ठरोगमुक्त, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, ॲसिड हल्ल्यातील पीडित आदींचा नावाने उल्लेख आहे. रक्तविकार कोणत्याच गटात नाहीत.

म्हणजे ज्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्व मानले, त्याच कायद्याने त्याला नोकरीतून बाहेर ठेवले. कॉलेजच्या दारापर्यंत सोबत आणि तिथून पुढे 'तुझे तू बघ'. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड निकामी होऊ शकते. ते झाले, माणूस लंगडू लागला आणि चलनविषयक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, तर मात्र तो नोकरीच्या आरक्षणात येऊ शकतो. हाड मरेपर्यंत थांबा, मग या, असाच याचा व्यवहारातला अर्थ होतो.

अनुसूचित जातीचे आरक्षण आहे ना, असे काही जण म्हणतात. आहे. पण ते जातीमुळे झालेल्या अन्यायासाठी आहे. त्या आरक्षणात स्पर्धा करणारा निरोगी मुलगा आणि वर्षातले चाळीस दिवस अंथरुणावर असलेला मुलगा यांच्यातले अंतर ते भरून काढत नाही.

संशयाचे वातावरण

२०२४ मध्ये राज्यातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. त्यानंतर प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीची मागणी वाढली आणि तपासणी सुरूही झाली. बोगस प्रमाणपत्रधारक खऱ्या दिव्यांगाच्या ताटातले खातो, त्यामुळे तपासणीला आमचा विरोध नाही.

पण संशय वाढला की त्याचा पहिला बळी कोण जातो? ज्याचे दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही तो. सोमवारी रजा टाकणारा आणि बुधवारी कामावर हसत येणारा माणूस सहकाऱ्यांना नाटकी वाटतो. शाळेत शिक्षक म्हणतात, "काल तर खेळत होती." घरात सासू म्हणते, "कामाच्या वेळीच बरं दुखते हिचं." बोर्डात दिसणारा संशय हा घराघरात असलेल्या संशयाचाच मोठा भाऊ आहे. म्हणून हा प्रश्न फक्त सरकारचा नाही, आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलेला आहे.

दुसरीकडे कसे मोजतात

इंग्लंड आणि वेल्समध्ये दिव्यांगांसाठी 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' नावाची मदत आहे. आफ्रिकन आणि कॅरिबियन वंशाचे अनेक सिकलसेल रुग्ण तिथे राहतात. तिथला २०१३ चा नियम रक्ताचा अहवाल पाहून टक्के ठरवत नाही. स्वयंपाक, आंघोळ, चालणे अशी रोजची कामे माणसाला जमतात का, हे पाहतो. मागचे तीन महिने आणि पुढचे नऊ महिने धरून बारा महिन्यांतील निम्म्याहून अधिक दिवस ते काम जमत नसेल, तर ती अडचण ग्राह्य धरतो. काम सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत जमते का, हेही पाहायचे असते.

हे आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. महिन्यातले दहा दिवस अंथरुणावर असलेला माणूस 'निम्म्याहून अधिक' या अटीत बसत नाही, पण दहा दिवस दांडी मारणाऱ्याला नोकरीवर कुणी ठेवत नाही. म्हणजे नुसते दिवस मोजूनही भागत नाही. वेदना किती तीव्र होती आणि ती कधी येईल याचा भरवसा नसणे, हेही मोजावे लागते. त्यातून आपण घ्यायचे ते एवढेच की तपासणीचा प्रश्न 'आज काय दिसते' हा नसून 'वर्षभरात काय जमले नाही' हा असायला हवा.

आपले सर्वोच्च न्यायालयही या दिशेने बोलले आहे. २०२१ च्या विकास कुमार प्रकरणात न्यायालयाने सांगितले की परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. आरक्षणासाठीची अट वेगळी आणि वाजवी सोयीचा हक्क वेगळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्या. भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ओंकार गोंड प्रकरणात म्हटले की केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही. त्याला प्रत्यक्षात काय जमते, हे मंडळाने तपासले पाहिजे. ती दोन्ही प्रकरणे सिकलसेलची नव्हती. पण आकड्यापलीकडे माणूस पाहा, हे तत्त्व आपल्या मुलांनाही लागू पडते.

सरकारने काय करावे

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण उत्तर नागपूरच्या वस्तीतला बौद्ध रुग्ण आदिवासी भागात राहत नाही, त्याचा विचारही व्हावा. आणखी एक गोष्ट. पुढची पिढी आजारमुक्त करायची हे चांगलेच, पण आज जे जगत आहेत त्यांचे काय? मोहिमेच्या नोंदीत रुग्णाचे नाव आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्या गोळ्यांची नोंद आहे, आशाताई त्याच्या घरी जाते. एका खात्याकडे ही माहिती असताना दुसरे खाते त्याच रुग्णाला म्हणते, पुरावा आण.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. बोर्डाने एका दिवसाच्या तपासणीसोबत मागच्या बारा महिन्यांची नोंद पाहावी. आरोग्य केंद्राची ओपीडी, गोळ्यांची नोंद, आशाताईची भेट, शाळेची किंवा कामाची गैरहजेरी हा सगळा पुरावा धरावा, फक्त डिस्चार्ज कार्ड नव्हे. औषधाने आलेला आराम टक्के कमी करायचे कारण ठरू नये. एसएस रुग्णाला किमान कायमचे प्रमाणपत्र द्यावे. आजार वाढला तर टक्के वाढवून घेता यावेत, पण आजार असल्याचे पुन्हा सिद्ध करायला लावू नये. आणि कलम ३४ मध्ये रक्तविकारांचा समावेश व्हावा. हे शेवटचे काम संसदेचे आहे. विदर्भातील प्रत्येक खासदाराला आपण हे विचारले पाहिजे.

आपण काय करू शकतो

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. आमच्या कामातून उपयोगी ठरलेल्या काही गोष्टी सांगतो.

घरात एसएस रुग्ण असेल तर आजच एक वही करा. दुखणे कधी उठले, कुठे, किती दिवस, कोणते औषध, कोणत्या डॉक्टरकडे आणि किती दिवस शाळा किंवा काम बुडाले, एवढेच लिहा. गावातल्या डॉक्टरकडून तारखेची चिठ्ठी मागून घ्या. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. सरकारी ओपीडीचा प्रत्येक कागद जपा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. बोर्डापुढे 'आज बरा आहे' एवढेच सांगून थांबू नका. "आज बरा आहे, पण या वर्षात इतके दिवस उठता आले नाही," असे सांगा आणि वही पुढे करा. खोटे बोलू नका, पण अर्धे खरेही सांगू नका.

आकडा पटला नाही तर कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते. बोर्डाच्या कार्यालयात मुदत विचारून लगेच अर्ज द्या. आणि ४० पेक्षा कमी आकडा आला म्हणून सगळे संपले असे समजू नका. शाळा-कॉलेजने दिव्यांग विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, असे कलम १६ सांगते. आजारपणातल्या गैरहजेरीची सूट, वर्गात पाण्याची बाटली, थंडीत मैदानातून सवलत, या गोष्टी लेखी अर्ज करून मागा.

बुद्धविहारांकडे आमची वेगळी विनंती आहे. १४ एप्रिलला, वर्षावासात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण रक्तदान शिबिरे घेतो. त्याच मांडवात एक टेबल प्रमाणपत्राच्या मदतीचे ठेवा. ऑनलाइन अर्ज भरून देणारे, फाइल लावून देणारे आणि बोर्डाच्या दिवशी सोबत जाणारे दोन तरुण प्रत्येक विहारात असले, तर वस्तीतल्या किती आयांच्या फेऱ्या वाचतील!

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. तथागत आनंदासोबत तिथे आले. त्यांनी आधी विचारले, तुला काय होते आहे? मग विचारले, तुझी काळजी घेणारे कुणी आहे का? कुणी नव्हते. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करत नाहीत, असे तो म्हणाला. तथागतांनी आणि आनंदाने त्याला आपल्या हातांनी धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि नंतर संघाला एकत्र बोलावून जाब विचारला.

काय होते आहे आणि काळजी घ्यायला कोण आहे, हे दोन प्रश्न बोर्डाने विचारले असते तर त्या मुलाच्या आईकडे सांगण्यासारखे खूप होते. तो मुलगा आता अपील करतो आहे. या वेळी त्याच्या हातात वही आहे. पहिल्या पानावर त्याने डिसेंबरच्या त्या तीन रात्री लिहून काढल्या आहेत.

नमो बुद्धाय, जय भीम.